बालवाडीच्या शिक्षिकेचे शिक्षण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



येत्या जूनपासून आपल्या शाळेला जोडून बालवाडी सुरू होणार आहे, असे चिटणीससाहेबांनी आताच आपल्या अहवालात सांगितले. खोली तयार आहे, भिंतींना रंग दिलेला आहे, साठ मुलांची नावेही आली आहेत. आता बाके करावयाची की सतरंज्या आणावयाच्या एवढाच प्रश्न उरला आहे, असे ते म्हणाले. माझ्या मते आणखी एक प्रश्न उरला आहे आणि तो बाकांपेक्षा आणि सतरंज्यांपेक्षा मोठा आहे. त्या खोलीत मुलांबरोबर कोण असणार? आणि त्या बाईंना या कामाचे शिक्षण मिळालेले असणार की नाही? आज मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

आपल्या समाजात, आणि केवळ आपल्याच नव्हे तर सगळ्याच समाजांत, एक समजूत पक्की आहे. मोठ्या मुलांना शिकवावयास हुशार मास्तर हवा. लहान मुलांचे काय, ती कोणीही सांभाळील! म्हणून दहावीच्या वर्गासाठी आपण पदवीधर शोधतो, बी. एड. झाला आहे का ते विचारतो, आणि बालवाडीसाठी मोहल्ल्यातली एखादी शिकलेली, घरी बसलेली मुलगी आपल्याला चालते. ती मुलगी गुणी असते, मुलांवर माया करणारी असते, यात शंका नाही. पण माया वेगळी आणि जाण वेगळी. मूल तापाने फणफणले तर आईच्या मायेत काही कमी पडते म्हणून नव्हे, तर तापाची जाण डॉक्टरला आहे म्हणून आपण त्याला दवाखान्यात नेतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या वाढीचीही अशीच एक जाण असते. ती शिकावी लागते आणि शिकवता येते.

ही जाण म्हणजे नेमके काय, हे मी चार साध्या उदाहरणांनी सांगते.

पहिले उदाहरण हाताचे. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन त्याच्याकडून ‘अ, आ, इ’ किंवा ‘ए, बी, सी’ गिरवून घेणे ही आज बहुतेक पालकांची पहिली मागणी असते. वही भरली नाही तर फी वाया गेली असे आपल्याला वाटते. आता मनगटाकडे पाहा. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. मूल जन्मते तेव्हा त्यांतले एकही सहसा पक्के झालेले नसते. ती सारी मऊ कूर्चा असते. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचे क्ष-किरण चित्र घेतले, तर आठांपैकी सुमारे तीन-चारच हाडे दिसतात. बाकीची पुढे वर्षा-दोन वर्षांनी एकेक करून दिसू लागतात आणि शेवटचे हाड दिसावयास तर आठ-दहा वर्षे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. अशा मनगटाकडून पानभर गिरवून घेणे म्हणजे कोवळ्या रोपाला फळाचे ओझे बांधणे होय. शिक्षण घेतलेल्या बाई हे जाणतात. म्हणून त्या मुलाला माती मळावयास देतात, मणी ओवावयास देतात, वाटाण्याच्या शेंगा सोलावयास देतात, कागद फाडून चिकटवावयास देतात, मोठ्या फळ्यावर खडूने मनसोक्त रेघोट्या ओढू देतात. बघणाऱ्याला हा खेळ दिसतो. प्रत्यक्षात लिहिण्याची तयारी चाललेली असते.

दुसरे उदाहरण आकड्यांचे. आपले मूल पाहुण्यांपुढे एक ते शंभर म्हणून दाखवते आणि आपण कौतुकाने मान डोलावतो. त्याच मुलापुढे पाच गोट्या जवळजवळ मांडा आणि त्याखाली दुसऱ्या पाच गोट्या दूर दूर मांडा. कोणत्या ओळीत जास्त गोट्या आहेत, असे विचारा. चार वर्षांचे मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवील. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा साध्या साध्या प्रयोगांतून दाखवून दिले की, लहान मूल हे कमी अक्कल असलेले मोठे माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच वेगळी असते. म्हणून शहाण्या बाई शंभरापर्यंत पाठ करून घेण्याची घाई करीत नाहीत. ‘आज सहा जण आले आहेत, सहा ताटल्या मांड पाहू,’ असे त्या म्हणतात. एका मुलामागे एक ताटली ठेवता ठेवता ‘सहा’ म्हणजे काय ते मुलाच्या हाताला आणि डोळ्याला कळते. ते कळले की पुढचे गणित सोपे जाते. ते न कळता शंभर पाठ झाले, तर तिसरी-चौथीत गणिताची भीती बसते आणि आपण म्हणतो, ‘आमच्या घराण्यात गणित कुणाला येतच नाही!’

तिसरे उदाहरण भाषेचे, आणि ते आपल्या घरांशी फार जवळचे आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी उर्दू बोलतात, कुणाच्या घरी दखनी, तर कोकणातून आलेल्या घरांत कोकणी बोली. मूल बालवाडीत येते आणि म्हणते, ‘मेरेकू पानी होना.’ अननुभवी बाई त्याला दटावतात, ‘असे नाही बोलायचे, नीट बोल.’ मूल गप्प बसते आणि काही दिवसांनी पाणी मागणेच सोडून देते. शिक्षण घेतलेल्या बाई म्हणतात, ‘तुला पाणी हवंय? हे घे पाणी. गार आहे का? कुठून आणलं असेल आपण हे पाणी?’ मुलाची भाषा त्यांनी झिडकारली नाही. तिच्या शेजारी दुसरी भाषा आणून ठेवली. मुलाला पाणीही मिळाले, शब्दही मिळाले आणि बाईंशी बोलण्याची हिंमतही मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही लहान वयात शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकविण्यावर भर दिला आहे. घरची भाषा पक्की असलेले मूल दुसरी भाषा लवकर उचलते. जे मूल घरच्या भाषेची लाज वाटावयास शिकते, ते दोन्हींकडे अडखळते.

चौथे उदाहरण ‘हट्टी’ मुलाचे. एक मूल हाक मारली तरी पाहत नाही, गोष्ट चालली असता उठून जाते, दुसऱ्याला ढकलते. त्याच्यावर ‘हट्टी’ असा शिक्का बसतो. बाईंना निरीक्षणाची सवय असेल तर त्या वहीत टिपून ठेवतात, की पाठीमागून हाक मारली तर हे मूल पाहत नाही, समोरून बोलले तर पाहते. बोलतानाही काही अक्षरे गाळते. मग त्या आईवडिलांना बोलावून सांगतात, ‘याचे कान तपासून घ्या.’ पुष्कळदा कान फुटून वाहत असतो, कधी ऐकूच कमी येत असते. वेळेवर लक्ष दिले तर यातले बरेच सुधारण्याजोगे असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. पण पथक येते ते वर्षातून एखाददुसऱ्या वेळी. बाईंची नजर मात्र रोज मुलावर असते. ती नजर शिकलेली असावयास हवी.

पालकहो, हे विचार काही परदेशातून काल-परवा आलेले नव्हेत. आपल्या महाराष्ट्राने या कामात देशाला वाट दाखविली आहे. भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते या कामात पडले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालविले. शहरातले काम नीट चालले असता १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. त्यांच्या सोबत होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. वस्तीतली गरीब मुले बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली आणि तिला नाव दिले ‘अंगणवाडी’. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून तेथे शाळा कुरणात गेली, तीच ‘कुरणशाळा’. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा किताब मिळाला.

या इतिहासातली एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. या दोघींनी नुसत्या बालवाड्या काढल्या नाहीत. बालवाडी चालविणाऱ्या बाया तयार केल्या. खेडोपाड्यांतल्या कमी शिकलेल्या मुलींना आणि स्त्रियांना त्यांनी हे शास्त्र त्यांच्या भाषेत शिकविले. महागडी विलायती साधने नसली तरी चिंचोके, शंख-शिंपले, पाने, बिया, काड्या यांतून तेच शिक्षण देता येते, हे करून दाखविले. स्वतः अनुताईंचे उदाहरण पाहा. लहानपणी लग्न होऊन थोड्याच महिन्यांत वैधव्य आलेली ही मुलगी. तिने हट्टाने शिक्षण घेतले, शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले, पुण्यात शाळेत शिकविले, आणि एवढा अनुभव गाठीशी असताना ताराबाईंकडे जाऊन बालशिक्षण पुन्हा पहिल्यापासून शिकली. मारिया माँटेसरी १९३९ साली मद्रासजवळ अड्यारला आल्या, त्यादेखील आधी शिक्षकांचा वर्ग घेण्यासाठी. जाणती माणसे शिक्षक तयार करण्यापासून सुरुवात करतात, हे यावरून दिसून येते.

‘एवढा खटाटोप करून फायदा काय?’ असे कुणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतल्या एका प्रयोगाने दिले आहे. मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावी १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली १२३ मुले निवडली गेली. त्यांतल्या काहींना चांगल्या बालशाळेत घातले, बाकीच्यांना नाही. मग या सर्वांची माहिती ती चाळीस वर्षांची होईपर्यंत घेत राहिले. बुद्धीच्या चाचणीतला फरक शाळेच्या पहिल्या काही वर्षांत जवळजवळ पुसला गेला. पण पुढे बालशाळेत गेलेल्यांपैकी अधिक जणांनी शालेय शिक्षण पुरे केले, अधिक जण बऱ्या पगाराच्या नोकरीत राहिले आणि पोलिसांच्या हाती सापडण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी निघाले. प्रयोग लहान होता हे खरे. पण तो कसा केला गेला ते ध्यानात घ्यावे. शिक्षक प्रशिक्षित होते, पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक होता, आणि दर आठवड्याला शिक्षक मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असे. केवळ खोली उघडून मुले बसविली आणि हा परिणाम झाला, असे नव्हे.

आता आपल्या देशाकडे वळू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि ताराबाईंचा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. अंगणवाडी सेविकेवर पोषण आहार, लसीकरणाची मदत, आरोग्य, मातांना मार्गदर्शन, नोंदवह्या अशी कामे आली. मुलांचे शिक्षण त्या गर्दीत पुष्कळदा मागे राहिले. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकारने व्यवस्था करावी एवढेच त्यात म्हटले आहे. २०२० च्या धोरणाने मात्र तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला. बारावी किंवा त्याहून अधिक शिकलेल्या अंगणवाडी सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्या सेविकेला एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम द्यावा, असे त्यात सांगितले आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते, असेही त्या धोरणात नमूद आहे. एवढ्या मोलाच्या काळाची जबाबदारी आपण कुणाच्या हाती देतो, याचा विचार नको का करावयास?

तेव्हा संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती अशी आहे. साठ मुले आणि एक बाई, अशी सुरुवात करू नका. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणानंतर केंद्र सरकारने जे निकष ठरविले, त्यांत तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण दिले आहे. पहिल्या वर्षी चाळीसच मुले घ्या आणि दोन शिक्षिका नेमा. त्यांतली एक तरी बालशिक्षणाचे प्रशिक्षण घेतलेली असावी. दुसरीला संस्थेच्या खर्चाने प्रशिक्षणास पाठवा. जी वीस मुले राहतील त्यांचे पालक नाराज होतील, हे मी जाणते. त्यांना समोर बसवून कारण सांगा. साठ मुले एका खोलीत कोंबली तर गप्प बसविणे एवढेच शिक्षण उरते, आणि मूल त्या खोलीत जे पहिले शिकते ते म्हणजे शाळा ही भिण्याची जागा आहे. दुसऱ्या वर्षी दोन जाणत्या शिक्षिका तयार असतील. मग दुसरा वर्ग काढा.

प्रशिक्षण निवडतानाही सावध असावे. नुसती व्याख्याने देऊन प्रमाणपत्र देणारे वर्ग पुष्कळ निघाले आहेत. चौकशी करा, की शिकणाऱ्या बाई रोज सकाळी प्रत्यक्ष बालवाडीत मुलांबरोबर असतात का? एका मुलाचे सलग काही आठवडे निरीक्षण करून त्यांना लिहावे लागते का? टाकाऊ वस्तूंतून साधने करणे, गोष्ट सांगणे, बडबडगीते म्हणणे, पालकांची सभा घेणे हे हातून करवून घेतात का? जाणकार व्यक्ती मागे बसून त्यांचे काम पाहते आणि नंतर चूक-बरोबर सांगते का? या चारांना ‘होय’ असे उत्तर असेल तरच पैसे भरा. पोहण्यावरची व्याख्याने ऐकून कुणी पोहावयास शिकत नाही. आणि प्रशिक्षण घेऊन आलेल्या शिक्षिकेला त्या कष्टाला शोभेल असा पगार द्या. नाही तर शिकून तयार झाली की ती दुसरीकडे जाईल, आणि त्याचा दोष तिला देता येणार नाही.

पालकहो, आता आपल्याकडे येते. बालवाडी सुटल्यावर ‘आज काय लिहिलेस?’ असे मुलाला विचारू नका. ‘आज कुणाबरोबर खेळलास? बाईंनी कोणती गोष्ट सांगितली?’ असे विचारा, आणि त्याचे उत्तर पुरे होईपर्यंत ऐका. घरातले काम त्याला करू द्या. चमचे मोजून ठेवणे, चपला जोडीने लावणे, लसूण सोलणे हेदेखील शिक्षणच आहे. आपल्या घरांत चार वर्षे, चार महिने, चार दिवसांनी मुलाचे बिस्मिल्लाह करण्याचा जुना रिवाज आहे. म्हणजे अक्षराची ओळख चार वर्षे उलटल्यावर आणि तीही लाडाकोडाने, गोडधोड वाटून करावी, असे आपल्या वडीलधाऱ्यांनाही वाटत होते. मग अडीच वर्षांच्या मुलाच्या पाठीवर दप्तर कशासाठी? सकाळी मकतब, मग बालवाडी, मग शिकवणी, असे दिवसभर मुलाला बसवून ठेवले जात असेल तर त्यातले काय कमी करता येईल, ते बाईंशी बोलून ठरवा. आणि बाई घरी भेटावयास आल्या तर त्या तक्रार घेऊन आल्या असे समजू नका. त्यांना आत बोलवा, चहा द्या आणि आपल्या मुलाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगा. मुलाला सर्वांत अधिक आईच ओळखते; बाईंना त्या माहितीची गरज असते.

शेवटी विद्यार्थ्यांना, विशेषतः अकरावी-बारावीतल्या मुलींना, दोन शब्द सांगते. बालशिक्षण हा डॉक्टरकी-इंजिनिअरिंगला प्रवेश न मिळालेल्यांनी नाइलाजाने धरावयाचा रस्ता, असे मानू नका. त्याला मानसशास्त्र लागते, आरोग्यशास्त्र लागते, भाषा लागते, हाताची कला लागते. या कामाला अजून योग्य मोबदला मिळत नाही, हे मी लपवून ठेवणार नाही. अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे तर ‘मानधन’ देण्याची पद्धत पडली, आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पण जाणत्या, शिकलेल्या मुली या कामात येतील तशी या कामाची किंमतही समाजाला द्यावी लागेल. मुलांनाही माझे सांगणे आहे, की उद्या तुम्ही बाप होणार आहात. लहान मुलाला समजून घेणे हे केवळ बायकांचे काम, असे समजून बाजूला उभे राहू नका.

संस्थेने खोली बांधली, रंग दिला, याबद्दल पदाधिकाऱ्यांचे आणि देणगीदारांचे मी मनापासून अभिनंदन करते. आता जो निधी उरला असेल, त्यातला पहिला पैसा बाकांवर खर्च करू नये, शिक्षिकेच्या शिक्षणावर करावा. मुले सतरंजीवरही आनंदाने बसतील. येत्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि पालकांनीही त्या बैठकीस येऊन आपले मत द्यावे, एवढी विनंती करते.